घरासाठी सीसीटीव्ही घेताय? आधी फुटेजला काय विचारणार ते ठरवा

ऐरोलीतल्या आमच्या रो-हाउसच्या फाटकातून मुलाची सायकल गेली तेव्हा घराला चार कॅमेरे होते. चोर दिसलाही. म्हणजे त्याची टोपी दिसली, मग खांदे दिसले आणि सायकल ढकलत नेताना पाठ दिसली. तेही चौथ्या दिवशी, कारण पहिले तीन दिवस आम्ही भलत्याच वेळेचं फुटेज बघत बसलो होतो. सायकल काही मिळाली नाही. त्या रागात मी सगळी यंत्रणा उतरवून नवी बसवली आणि त्याच वर्षी ठाण्यात, नौपाड्याला एकट्या राहणाऱ्या आईकडेही कॅमेरा लावला. दोन घरं, दोन तऱ्हा आणि भरपूर चुका. पहिल्यांदाच कॅमेरे घेणाऱ्यांना निदान त्याच चुका पुन्हा करायला लागू नयेत, म्हणून हे लिहिते आहे.

१. आधी कागद घ्या, दुकानात नंतर जा

घराचा कच्चा नकाशा काढा. कसाही चालेल. जिथे कॅमेरा हवासा वाटतो तिथे खूण करा आणि खुणेशेजारी एक प्रश्न लिहा. ‘फाटकातून आत कोण आलं?’ ‘गाडीला कोणी घासलं?’ ‘आई सकाळी उठून हॉलमध्ये आली का?’ प्रश्न सुचत नसेल तर तिथे कॅमेरा नको. आमच्या पहिल्या चारपैकी एक गच्चीवरच्या टाकीकडे तोंड करून होता. दोन वर्षं त्याने इमानेइतबारे कबुतरं टिपली.

आता प्रश्नांचे दोन गट पाडा. ‘काय झालं?’ याला रुंद दृश्य लागतं: अंगण, पार्किंग, रस्त्याचा तुकडा. ‘कोण होतं?’ याला अरुंद आणि जवळचं दृश्य लागतं, ज्यात चेहरा मोठा येतो. एकच कॅमेरा दोन्ही कामं करेल असं दुकानदार सांगतो. आमच्याकडेही सांगितलं होतं. त्याचं फळ म्हणजे ती टोपी.

२. वाय-फाय की वायर?

फ्लॅट असेल, एक-दोनच कॅमेरे हवे असतील आणि भाड्याचं घर असेल तर वाय-फाय कॅमेरा पुरतो. प्लग लावा, क्यूआर कोड स्कॅन करा, झालं. फक्त दोन अडचणी आधीच माहीत असू द्या. बहुतेक स्वस्त कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. आजकालच्या राउटरमध्ये २.४ आणि ५ या दोन्हींना एकच नाव दिलेलं असतं, त्यामुळे जोडणी करताना कॅमेरा नुसता बीप-बीप करत राहतो. राउटरच्या सेटिंगमध्ये दोघांना वेगळी नावं द्या, किंवा जोडणीपुरतं ५ गिगाहर्ट्झ बंद करा. दुसरी अडचण जुन्या इमारतींची. आईच्या बिल्डिंगच्या भिंती अशा जाड की हॉलमधल्या राउटरचा सिग्नल स्वयंपाकघरात पोचेपर्यंत दमतो. कॅमेरा घेण्याआधी त्या जागी मोबाइल धरून एक व्हिडिओ कॉल करून बघा. तो अडखळला तर कॅमेराही अडखळणार.

रो-हाउस, बंगला किंवा तीनपेक्षा जास्त कॅमेरे असतील तर वायरच टाका. त्यातही रेकॉर्डरवरून, म्हणजे फुटेज साठवणाऱ्या डब्यावरून, दोन घराणी आहेत. जुनं घराणं डीव्हीआरचं: कोएक्स केबल, जिला बाजारात ‘थ्री प्लस वन’ म्हणतात, आणि वेगळा १२ व्होल्टचा सप्लाय. नवं घराणं एनव्हीआरचं: नेटवर्क केबल, आणि त्याच केबलमधून वीजही जाते, याला पीओई म्हणतात. एका केबलची लांबी १०० मीटरपर्यंत चालते, आपल्या घरांना ती कधी लागतच नाही. आधीची कोएक्स भिंतीत सुस्थितीत असेल तर डीव्हीआर घेण्यात कमीपणा नाही, चित्र चांगलं येतं. सगळं नव्याने करत असाल तर एनव्हीआर घ्या. आणि घराचं काम काढलेलंच असेल तर रंग लागण्याआधी भिंतीत पाइप टाकून घ्या, मग पुढे केबल बदलायला भिंत फोडावी लागत नाही.

इथे एक सापळा आहे. नेटवर्क केबल शुद्ध तांब्याचीच मागा. तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची केबल बरीच स्वस्त मिळते आणि कोटेशनमध्ये दोन्हींना ‘कॅट-६’च लिहितात. तारेचं टोक ब्लेडने खरवडून बघा. आत पांढरट निघालं तर अॅल्युमिनियम. अशा केबलवर कॅमेरा दिवसा नीट चालतो, रात्री इन्फ्रारेड दिवे (अंधारात कॅमेऱ्याला दिसावं म्हणून असलेले, आपल्या डोळ्याला न दिसणाऱ्या उजेडाचे) लागले की जास्त वीज ओढतो आणि बंद-चालू होत राहतो. लोक कॅमेरा बदलतात, दोष केबलमध्ये असतो.

३. मेगापिक्सेल नंतर, लेन्स आधी

हा मुद्दा मला कोणीच सांगितला नव्हता, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

अनोळखी माणसाचा चेहरा ओळखू यायचा असेल तर दृश्याच्या दर मीटर रुंदीमागे साधारण २५० पिक्सेल लागतात, असं या क्षेत्रातलं प्रचलित माप आहे. आता हिशोब करा. २ मेगापिक्सेल म्हणजे १९२० पिक्सेल रुंद चित्र. सगळीकडे सर्रास मिळणारी २.८ मिलीमीटरची लेन्स साधारण शंभर अंशांच्या थोडं वर बघते. माणूस तीन मीटरवर असेल तर दृश्य पावणेआठ मीटर रुंद होतं, म्हणजे मीटरमागे जेमतेम २५० पिक्सेल. त्यापुढे गेलेला माणूस ‘कोणीतरी’ असतो.

तुम्ही म्हणाल, मग ४ मेगापिक्सेल घेऊ. घ्या, पण त्याने तीनाचे चार मीटर होतात, एवढंच. त्याऐवजी त्याच २ मेगापिक्सेलला ६ मिलीमीटरची लेन्स लावली तर दृश्य अरुंद होतं आणि चेहरा सुमारे आठ मीटरपर्यंत ओळखू येतो. आमच्या फाटकापासून व्हरांडा साडेपाच मीटरवर. पहिल्या वेळी तिथे २.८ होती. आता ६ आहे आणि फाटकातून येणाऱ्याच्या चष्म्याची काडीसुद्धा दिसते. रुंद दृश्यासाठी २.८ ची एक कोपऱ्यात ठेवली आहेच.

फाटकापासून कॅमेऱ्याच्या जागेपर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि दुकानदाराला तोच आकडा सांगा. उत्तरादाखल त्याने लेन्स न विचारता ‘मॅडम, हा ८ मेगापिक्सेल घ्या’ म्हटलं तर दुसरं दुकान बघा.

४. उंची, उजेड आणि खाडीची हवा

कॅमेरे दहा-बारा फुटांवर लावायची पद्धत आहे, कोणी हात लावू नये म्हणून. तिथून टकलं आणि टोप्या छान दिसतात. चेहऱ्याचा कॅमेरा सात-आठ फुटांवर हवा. तो तोडला जाण्याची भीती वाटत असेल तर उंचावरच्या रुंद कॅमेऱ्याच्या नजरेत तो राहील असं बघा, म्हणजे तोडणारा तरी टिपला जाईल.

दारासमोर खिडकी किंवा उघडा पॅसेज असेल तर आत येणाऱ्याच्या पाठीमागे लख्ख उजेड असतो आणि चेहरा काळा पडतो. त्यासाठी डब्ल्यूडीआर, म्हणजे लख्ख उजेड आणि काळोखी एकाच चित्रात सांभाळण्याची सोय, असलेला कॅमेरा लागतो. नुसतं ‘डी-डब्ल्यूडीआर’ लिहिलेलं असेल तर ती चित्रावर केलेली रंगसफेदी समजा, १२० डेसिबल असा आकडा असलेला घ्या.

रात्रीसाठी इन्फ्रारेडचं काळं-पांढरं चित्र विश्वासाचं. ‘रात्रीही रंगीत’ कॅमेऱ्यांना जवळपास दिवा लागतो, नसेल तर ते स्वतःचा पांढरा दिवा पेटवतात आणि तो समोरच्यांच्या बेडरूममध्ये पडला की भांडण पक्कं. खिडकीच्या काचेमागे आतून कॅमेरा ठेवून बाहेरचं टिपायचा बेत असेल तर सोडून द्या. रात्री इन्फ्रारेड काचेवरच आपटून परत येतो आणि सगळं पांढरंफटक दिसतं.

बाहेरच्या कॅमेऱ्याला आयपी६६ किंवा आयपी६७ (धूळ-पाणी आत न शिरण्याचं मानांकन) हवंच. पण पाऊस कॅमेऱ्यात शिरत नाही, तो जोडात शिरतो. आम्ही ज्या खाडीवर फ्लेमिंगो बघायला जातो तिथलीच खारट हवा ऐरोली-वाशीच्या घरांवरून वाहते आणि उघड्यावर लोंबकळणारे कनेक्टर एका पावसाळ्यात गंजतात. प्रत्येक बाहेरच्या कॅमेऱ्यामागे पीव्हीसीचा जंक्शन बॉक्स लावून जोड त्यात घ्या. केबल भिंतीत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पाणी त्या झोलाच्या तळाशी ठिबकतं आणि केबलवरून भोकात जात नाही. ही साधी युक्ती आमच्या घरी पहिल्या वेळी कोणी केली नाही. जुलैत हॉलच्या भिंतीला ओल आली आणि मी उगाच गच्चीच्या वॉटरप्रूफिंगवाल्याला बोल लावला.

५. फुटेज किती दिवस राहायला हवं?

२ मेगापिक्सेलचा एक कॅमेरा एच.२६५ पद्धतीने (ही व्हिडिओ दाबून कमी जागेत बसवते), २ एमबीपीएस वेगाने चोवीस तास रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला सुमारे २२ जीबी लागतात. चार कॅमेऱ्यांना १ टीबीची डिस्क अकरा दिवसांच्या आसपास पुरते. मग जुनं आपोआप पुसून नवं लिहिलं जातं. सुट्टीत गावाला पंधरा दिवस जात असाल तर २ टीबी घ्या. गणपतीला कोकणात जाणाऱ्यांनी हा हिशोब मनावर घ्यावा.

डिस्क कॅमेऱ्यांसाठी बनवलेलीच मागा, उदाहरणार्थ डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक. कॉम्प्युटरची साधी डिस्क चोवीस तास लिहिण्याला टिकत नाही. वाय-फाय कॅमेऱ्यातल्या कार्डाचंही तसंच: ‘हाय एन्ड्युरन्स’ लिहिलेलं घ्या. कार्ड कॅमेऱ्यातच असतं, म्हणजे चोराने कॅमेरा नेला तर पुरावाही गेला. आईकडे मी म्हणूनच महिन्याचं क्लाउडचं शुल्क भरते. ऐरोलीला नाही भरत, तिथे रेकॉर्डर माळ्यावर, कुलपात आहे.

६. सोसायटी, शेजारी आणि घरातली माणसं

फ्लॅटच्या दाराबाहेरचा पॅसेज सोसायटीचा असतो. तिथे कॅमेरा किंवा कॅमेऱ्याची बेल लावायची तर सेक्रेटरींना लेखी अर्ज द्या आणि लेखी परवानगी घ्या. अर्जात कॅमेरा कुठे लागणार आणि त्यात काय दिसणार, हे लिहा. समोरच्यांचं दार उघडलं की त्यांचा हॉल आपल्या चित्रात येत असेल तर सेटिंगमध्ये ‘प्रायव्हसी मास्क’ असतो, तो भाग काळा करा आणि ते त्यांना स्वतः दाखवा. अर्ध्या तक्रारी दाखवण्यानेच मिटतात.

घराच्या आतल्या कॅमेऱ्याबाबत मी जरा कडक आहे. बेडरूम, बाथरूमजवळचा पॅसेज, कामाच्या ताई जिथे कपडे बदलतात ती जागा, इथे कधीच नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-ई अशा चित्रणाला गुन्हा मानतात. २०२५ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात, सहनिवाशांच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालवता येणार नाहीत असं ठरवलं आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. तेव्हा सासऱ्यांना न विचारता त्यांच्या हॉलमध्ये कॅमेरा लावणाऱ्यांनी थांबावं.

आईला मी विचारलं तर ती म्हणाली, “अगं, मी काय कैदी आहे का?” आठ दिवस विषय बंद. मग आम्ही ठरवलं: कॅमेरा फक्त मुख्य दार आणि सोफ्याचा कोपरा बघेल, आवाज रेकॉर्ड होणार नाही आणि तिला नको असेल तेव्हा ती त्यावर रुमाल टाकेल. भजनाच्या मैत्रिणी आल्या की रुमाल पडतो. मी काही बोलत नाही. कामाला येणाऱ्या ताईंना पहिल्याच दिवशी कॅमेरा दाखवला आणि काय दिसतं तेही.

७. कोटेशन आणि खरेदी

तीन ठिकाणांहून लेखी कोटेशन घ्या. ‘४ कॅमेरा सेट, फिटिंगसह’ एवढी एकच ओळ असेल तर ते परत पाठवा. कॅमेऱ्याचा मॉडेल नंबर, लेन्स, डिस्कचं नाव, केबलचा प्रकार आणि दर मीटरचा भाव, जंक्शन बॉक्स, मजुरी, १८ टक्के जीएसटी, असं सगळं सुटं हवं. आमच्या पहिल्या बिलात केबल ‘अंदाजे’ होती. घराएवढीच लांबी अंदाजात वाढली होती. मुंबईत लॅमिंग्टन रोडला सामान स्वस्त पडतं हे खरं, पण फिटिंग करणारा ‘तुमच्या मालाची जबाबदारी माझी नाही’ म्हणून मोकळा होतो. सामान आणि फिटिंग एकाच माणसाकडून घेतलेलं बरं, आणि तो शक्यतो जवळपासचा असावा. पावसात घोडबंदर रोड ओलांडून कोणी शिडी घेऊन येत नाही.

खोक्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण आणि ‘आर-’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक बघा. ‘बीआयएस केअर’ अॅपमध्ये तो घातला की कोणाच्या नावावर आहे ते कळतं. शिवाय केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने ९ एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेने सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सायबर सुरक्षेच्या अटी घातल्या, त्या ९ एप्रिल २०२५ पासून लागू झाल्या. ‘मॅडम, मागच्या लॉटचा आहे, निम्म्यात देतो’ असं कोणी म्हटलं तर तो निम्म्यात का, हे तुमच्या लक्षात येईल.

८. बसवण्याचा दिवस

त्या दिवशी घरी थांबा. किल्ली शेजारी ठेवून ऑफिसला जाऊ नका. हाताशी एवढं ठेवा:

- जागांच्या खुणा केलेला नकाशा आणि मोजमापाचा टेप
- सोसायटीची परवानगी, लागत असेल तर
- वाय-फायचा आणि राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड
- अॅपसाठी तुमचा मोबाइल आणि ईमेल (कॅमेरेवाल्याचा नव्हे)
- रिकामा पेनड्राइव्ह
- बिल आणि वॉरंटी कार्ड, त्यावर प्रत्येक कॅमेऱ्याचा सिरियल नंबर लिहून घेण्यासाठी

कंसातलं ते चौथ्या ओळीतलं वाक्य मला महागात पडलं आहे. पहिल्या वेळी कॅमेरेवाल्याने ‘लवकर होईल’ म्हणून अॅपचं खातं स्वतःच्या नंबरवर उघडलं आणि आम्हाला नुसतं ‘शेअर’ केलं. दोन वर्षांनी मी फोन बदलला, शेअर गेलं आणि अॅप सांगू लागलं की हे उपकरण दुसऱ्याच खात्याला जोडलेलं आहे. त्याचा नंबर तोपर्यंत बंद. म्हणजे दोन वर्षं आमच्या अंगणाचा मालक तो होता आणि आम्ही पाहुणे. माणूस भला असेलही. पण कोण येतं, कधी कुलूप लागतं, हे सगळं त्याच्या खिशात होतं. खातं तुमच्या नावाने, तुमच्या हातांनी, तुमच्यासमोर उघडा.

मग पासवर्ड. रेकॉर्डरचा आणि प्रत्येक कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड लगेच बदला. २०१६ मध्ये ‘मिराई’ नावाच्या व्हायरसने असेच मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि रेकॉर्डर जगभरातून गोळा करून इंटरनेटच्या मोठ्या सेवा बंद पाडल्या होत्या. नवा पासवर्ड कॅमेरेवाल्याला सांगायची गरज नसते. दुरुस्तीला आला की तुम्ही टाईप करा.

आणि घड्याळ. रेकॉर्डरचा टाइम झोन जीएमटी अधिक ५:३० आहे का, ते बघा. आमचा अधिक ८ वर होता, म्हणजे चीनच्या वेळेवर, अडीच तास पुढे. सायकल संध्याकाळी साडेसहा ते सातच्या दरम्यान गेली होती. आम्ही रेकॉर्डरमध्ये साडेसहा ते सात बघत होतो, ते खरं तर दुपारचे चार ते साडेचार होते. अंगणात फक्त मांजर. पोलीस ठाण्यातल्या साहेबांनीच विचारलं, “वेळ बरोबर आहे का हो तुमच्या मशीनची?” तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. टाइम झोनसोबत नेटवरून वेळ घेण्याची सोयही चालू करा.

शेवटी, पैसे देण्याआधी एक परीक्षा. अंधार पडेपर्यंत थांबा. घरातल्या कोणालातरी टोपी घालून फाटकातून आत यायला सांगा. मग कॅमेरेवाल्याला म्हणा, आत्ताचं हे फुटेज शोधून पेनड्राइव्हवर काढून दाखव. चेहरा ओळखू आला आणि फाइल लॅपटॉपवर उघडली, की उरलेले पैसे द्या.

९. वीज गेली तर

एक कॅमेरा चार-पाच वॉट खातो, रेकॉर्डर दहा-पंधरा. चार कॅमेऱ्यांची सगळी यंत्रणा ३५ वॉटच्या आसपास. ६०० व्हीएचा साधा यूपीएस नव्या बॅटरीवर तासभर सहज ओढतो. राउटरलाही त्यावरच जोडा, नाहीतर रेकॉर्डिंग होत राहील पण फोनवर काही दिसणार नाही.

१०. काही घडलंच तर

प्रथम फुटेज वाचवा, पुसलं जाण्याआधी. घटनेच्या अर्धा तास आधीपासून अर्धा तास नंतरपर्यंतचं, रेकॉर्डरमधून थेट पेनड्राइव्हवर. मोबाइलने टीव्हीचं चित्रण करून व्हॉट्सअॅपवर फिरवलेली क्लिप सोसायटीत गाजते, पण पुराव्याला कच्ची. मूळ फाइल कापू नका, तिला गाणंबिणं लावू नका. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा फाइलसोबत प्रमाणपत्र लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही (फाइलचा जणू बोटांचा ठसा, फाइल बदलली की तीही बदलते) लिहायची असते. ते कसं भरायचं हे तपास अधिकाऱ्यांना विचारा, आणि तोवर रेकॉर्डर बदलू नका. चोर अजून आसपास असेल तर फुटेज बघत बसू नका, आधी ११२ लावा.

११. महिन्यातून एकदा

एक तारीख ठरवा. आम्ही वीजबिल भरतो त्या दिवशी करतो. कालच्या संध्याकाळी सातचं फुटेज शोधा, एका मिनिटाची फाइल काढा, घड्याळ मोबाइलशी जुळवून बघा, सर्वांत जुनं फुटेज किती दिवसांपूर्वीचं आहे ते बघा. अकरा दिवसांची डिस्क तीनच दिवस दाखवत असेल तर काहीतरी बिघडलं आहे. कॅमेऱ्याची काच मऊ कापडाने पुसा आणि कोळ्याचं जाळं काढा. इन्फ्रारेडच्या उबेला किडे येतात, किड्यांमागे कोळी येतो, आणि रात्री लेन्ससमोर हलणाऱ्या एका धाग्याने फोनवर दीडशे सूचना येतात. यातलं काही जमलं नाही तर कॅमेरेवाल्याला त्याच दिवशी फोन करा, वॉरंटी संपायची वाट बघू नका.